दिव्या, हंपी आणि आमची वॅगनार

शुक्रवार, २५ जुलै २०२५

खरं तर ही ट्रिप आईची. तिला दरवर्षी पहिल्या श्रावणी सोमवारी चांगदेवला जायचं असतं आणि दरवर्षी काहीतरी निघतंच, कधी माझी सुट्टी नाही, कधी पाऊस, कधी कोणाचं तरी दहावं. यावर्षी मीच म्हटलं की शनिवार रविवार सोमवार जोडून काढू, मनुदेवी करू, आत्याकडे सावद्याला मुक्काम करू आणि सोमवारी चांगदेव, मुक्ताईनगर करून परत. जॉर्जियातल्या बाटुमीमधे महिलांच्या चेस वर्ल्ड कपची फायनल नेमकी त्याच तीन दिवसांत येणार हे तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं.

म्हणजे फायनल कधी आहे ते माहीत होतं हो, पण फायनलला दोन्हीकडे आपल्याच बसतील हे कोणाला माहीत. बुधवारी रात्री भाचीचा जळगावहून फोन, आवाज घोगरा, "मामा, १०१ चाली! तान झोंगयीला हरवलं!" मला आधी वाटलं कोणाचा तरी अपघात झाला. तान झोंगयी म्हणजे माजी जगज्जेती, आणि आमची नागपूरची दिव्या देशमुख अजून १९ वर्षांची, त्या स्पर्धेत १५वं मानांकन. त्याआधीच्या राउंडला तिने आपल्याच हरिकाला टायब्रेकमधे (बरोबरी झाली की होणाऱ्या कमी वेळाच्या गेममधे) काढलं, त्याच्या आधी चीनच्या झू जिनरला. गुरुवारी आपल्याच कोनेरू हंपीने चीनच्या लेई टिंगजीला टायब्रेकमधे हरवलं आणि झालं, दोन्ही खुर्च्या आपल्या.

भाची सहावीत आहे. चेस क्लासला जाते, जिल्ह्याच्या स्पर्धांमधे मधल्या नंबरांत येते आणि त्याबद्दल तिला काही वाटत नाही. पण दिव्याचं सगळं पाठ. २०१४ ला डर्बनला दहा वर्षांखालची वर्ल्ड यूथ जिंकली, २०१७ ला ब्राझीलमधे बारा वर्षांखालची, २०२४ ला गांधीनगरला वीस वर्षांखालची वर्ल्ड ज्युनियर, ११ पैकी १० गुण, एकही गेम न हरता. गेल्या वर्षी जूनमधे त्या वर्ल्ड ज्युनियरच्या वेळी ही पोरगी माझ्याकडे धुळ्याला होती, ४२-४३ डिग्रीत कूलरसमोर बसून रोज दुपारभर गेम बघायची आणि मला जबरदस्तीने शेजारी बसवायची. माझा चेसशी संबंध तिथून. नाहीतर मला घोडा अडीच घर जातो एवढंच माहीत.

धुळ्याहून आईला घेऊन निघालो तेव्हा चार वाजले होते. पारोळा, एरंडोल, पाळधी, नव्वदेक किलोमीटर. कपाशी गुडघ्याएवढी झालीय, आभाळ भरलेलं पण पाऊस नाही. आज बाटुमीलाही सुट्टीचा दिवस त्यामुळे रस्त्यात काही बघायचं नव्हतं, जळगावला बहिणीकडे जेवलो आणि झोपलो. बहिणीने दोन अटी घातल्या. होमवर्क सोबत न्यायचा, आणि टॅब फक्त गेमच्या वेळी. सोमवारची शाळा श्रावणी सोमवारची अर्धीच असते म्हणून ती बुडवायला परवानगी मिळाली.

शनिवार, २६ जुलै

सकाळी निघता निघता अकरा वाजले. (आई देवाला निघाली की पाच पिशव्या होतात, त्यातल्या दोन कशाच्या असतात ते परत आल्यावरही कळत नाही.) पुढच्या सीटवर आई, मागे भाची, मांडीवर लोहचुंबकाचा पट. ममुराबाद, विदगाव, पुलावर तापी गढूळ पाण्याने भरून चाललेली, आईने नेहमीसारखी काच खाली करून रुपया टाकला आणि हात जोडले. पलीकडे गेलं की लगेच फरक कळतो, माती काळीभोर, आणि दोन्ही बाजूंना केळी, मैलोगणती केळी, मागे सातपुड्याची निळी भिंत.

गाडीत पक्ष ठरले. भाची दिव्याकडून हे उघडच होतं. आईने विचारलं दुसरी कोण, मी सांगितलं कोनेरू हंपी, आंध्रची, ३८ वर्षांची, ग्रँडमास्टर होणारी पहिली भारतीय बाई, २००२ ला झाली, म्हणजे दिव्या जन्मायच्या तीन वर्षं आधी, आणि तिला एक लहान मुलगी आहे. झालं. मुलगी आहे म्हटल्याबरोबर आई हंपीकडे. "तिनी पोर घर वाट देखी ऱ्हायनी व्हई," म्हणे, "तिलेच जिकू दे." भाची म्हणाली आजी असं नसतं ते. आई म्हणाली आसंच ऱ्हास.

मनुदेवीला पोचलो दोन वाजता. देवी सातपुड्याच्या अगदी पोटात, मागे कड्यावरून धबधबा, पावसाळ्यात यायचं ठिकाण आहे खरंच, पाण्याचे तुषार देवळापर्यंत येतात. माझा हिशोब असा की तीनला दर्शन, साडेतीनला निघायचं, साडेचारला गेम सुरू व्हायच्या आत डांबरी रस्त्यावर. बाटुमीत दुपारचे तीन म्हणजे आपले साडेचार. पण आईला तिथे चोपड्याकडच्या बायकांचा घोळका भेटला, त्यांच्यात कोणाची तरी माहेरची ओळख निघाली, मग एक गाणं झालं, मग दुसरं, आणि आईला गाण्यातून उठवायची माझी हिंमत अजूनही होत नाही.

आणि रेंज शून्य. माझ्याकडे दोन कंपन्यांची सिम आहेत, एकाच्या जाहिरातीत हिमालयातसुद्धा फोन लागतो, दोन्ही गप्प. भाची धबधब्याकडे पाठ करून टॅब वर धरून उभी, जशी पूर्वी लोकं गच्चीवर अँटेना फिरवायची. पाच वाजले. सव्वापाच. एक शेतकरीदादा मोटारसायकल लावून बघत होता, तो म्हणाला त्या फाट्याच्या वडाखाली जा, तिथे लागते. सहाला आम्ही वडाखाली. चहाची टपरी, तीन बाकडी, आणि खरंच दोन काड्या रेंज.

ओपन केलं तर कॉमेंट्रीवाले हळहळत होते. पांढरी मोहरी दिव्याकडे होती, सुरुवातीलाच तिला जबरदस्त संधी आलेली आणि ती नेमकी आम्ही गाण्यात बसलेलो तेव्हा येऊन गेलेली. आता हंपी सावरली होती. भाची काही बोलली नाही, पट काढून पहिल्या चालीपासून सगळं मांडायला लागली.

इथे एक सांगायला पाहिजे. मी गेम बघतो म्हणजे ती बाजूची पांढरी-काळी पट्टी बघतो. पट्टी वर गेली की पांढऱ्याचं बरं चाललंय, खाली गेली की काळ्याचं. चाली मला कळत नाहीत, पट्टी कळते. सेन्सेक्ससारखं. मी "अरे गेली गेली" असं ओरडतो आणि भाचीला त्याचा प्रचंड राग. तिचं म्हणणं असं की पट्टी कॉम्प्युटरला दिसतं ते दाखवते, बसलेल्या माणसाला ते दिसतच नाही, मग तू कोणाची मॅच बघतोयस? मी म्हटलं जाऊ दे ना मला मजा येते. तिने दप्तरातून बँडेजची चिकटपट्टी काढली, टॅबच्या कडेला बरोबर त्या पट्टीवर उभी लावली आणि चहा प्यायला लागली.

मग मला पटच बघावा लागला. टपरीवाल्यालाही. त्याला हत्ती आणि उंटातला फरक आईने सांगितला, चुकीचा.

यावल पार करून फैजपूर, सावदा, आत्याकडे पोचेपर्यंत अंधार. वाटेतच ४१ चालींनंतर बरोबरी, त्याच त्या चाली परत परत येऊन. भाची म्हणाली, "जिंकायला पाहिजे होती." आई म्हणाली, "दोन्ही आपल्याच शेतस ना, मंग काबर जीव टांगनीले लावस?" आणि मनातून तिला बरं वाटलं होतं ते तोंडावर दिसत होतं.

रविवार, २७ जुलै

आत्याचं घर म्हणजे खाणं. सकाळी पोहे, दुपारी वरण-बट्टी, वांग्याची भाजी, वर तूप असं की बट्टी बुडते. मी दुपारी दोन तास मेलो होतो. भाचीला मामांनी (आत्याचे यजमान, आम्ही मामाच म्हणतो) केळीच्या बागेत फिरवून आणलं, आल्यावर तिने सांगितलं की केळीला एकदाच घड येतो आणि मग ते झाड कापतात, आणि बाजूने पील निघतं त्याला पुढचा. हे तिला चेसपेक्षाही भारी वाटलं दिवसभर.

साडेचारला खरी पंचाईत. ओसरीत एकच टीव्ही आणि तिथे मँचेस्टर टेस्टचा पाचवा दिवस. घरातले, शेजारचे, दुकानातले असे आठ-दहा पुरुष. इंडिया मॅच वाचवायला खेळतेय, शुभमन गिलचं शतक झालं, जडेजा आणि सुंदर उभे. भाचीने कोपऱ्यात पोत्यावर बसून टॅब लावला, पट्टीवर बँडेज तसंच. आज पांढरी हंपीकडे. मग झालं असं की क्रिकेटमधे ओव्हर संपली की मान इकडे, चाल झाली की मान तिकडे. एकजण मला विचारतो, "या दोघीत आपली कोणती?" मी म्हटलं दोन्ही. "मग टेन्शन कशाला?" प्रश्न बरोबर होता, उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मधे दिव्या जरा अडचणीत आली. मला पट्टी दिसत नव्हती पण भाचीचा पाय हलायला लागला त्यावरून कळलं. नंतर तो थांबला. आणि परत बरोबरी.

मामांचं मत: "एवढा वेळ बसून दोन दिवस बरोबरी? एवढ्यात मी केळीची गाडी भरून रवाना केली असती." त्यावर भाची त्यांना म्हणाली की तुम्ही दुपारपासून बघताय तेही बरोबरीतच सुटणार आहे. मामा गप्प. रात्री दहाच्या सुमारास तेच झालं, तो स्टोक्स हात मिळवायला आला, जडेजा-सुंदर म्हणाले थांब जरा आमची शतकं होऊ दे, दोघांनी शतकं केली आणि मग ड्रॉ. भाची अर्धवट झोपेत म्हणाली चेसमधे असं थांबवून शतक करता येत नाही.

आता सोमवारी टायब्रेक. मी गुपचूप वाचलं, आधी १५ मिनिटांचे दोन गेम, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढतात, तिथेही बरोबरी तर अजून कमी वेळाचे. आणि असा कमी वेळाचा खेळ, म्हणजे रॅपिड म्हटलं की हंपी, दोनदाची वर्ल्ड रॅपिड चॅम्पियन, २०१९ आणि २०२४. हे मी आईला सांगितलं. भाचीला नाही सांगितलं. तिला माहीत होतंच.

सोमवार, २८ जुलै

पहाटे पाचला आईने उठवलं. उपास. सावद्याहून चांगदेव फार लांब नाही पण श्रावणी सोमवार म्हणजे गाडी लांबच लावावी लागते आणि चिखलातून चालत. तापी आणि पूर्णेचा संगम, हतनूर धरणाच्या फुगवट्याने पाणी पार पसरलेलं, समुद्र वाटावा इतकं. देऊळ काळ्या दगडाचं, जुनं, शिखर कधीच पूर्ण न झाल्यासारखं बसकं. रांगेत दीड तास. बेलाची पानं, ओले सोवळे, मधेच एका मावशीचा मोबाईल हरवला आणि तिच्याच पिशवीत सापडला.

रांगेत आईने भाचीला चांगदेवांची गोष्ट सांगितली. चौदाशे वर्षं जगलेला योगी, वाघावर बसून ज्ञानेश्वरांना भेटायला निघाला. त्याआधी पत्र लिहायला घेतलं तर मायना काय लिहावा ते सुचेना, वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर ज्ञान मोठं, नमस्कार लिहावा तर वय लहान. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई बघून म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोरा तो कोराच. त्या कोऱ्या कागदाचं उत्तर म्हणजे चांगदेव पासष्टी, आणि पुढे चांगदेवांनी त्या एवढ्याशा पोरीला गुरू केलं. भाची सगळं नीट ऐकून म्हणाली, "म्हणजे रेटिंगचा किती फरक असेल?" मागे उभे असलेले काका जोरात हसले. मग तिने स्वतःच सांगितलं की हंपी आणि दिव्यात ८० चा आहे.

मुक्ताईनगरला (आई अजून एदलाबादच म्हणते) मुक्ताबाईचं दर्शन घेतलं, साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि निघालो तेव्हा साडेतीन. हिशोब असा की साडेचारला भुसावळ ओलांडून जळगावच्या रस्त्याला. भुसावळच्या आधीच हायवेला ट्रकांची रांग. चार वीस. भाची मागून काही बोलत नव्हती पण आरशात तिचा चेहरा दिसत होता. मी पहिलं जे हॉटेल दिसलं तिथे गाडी घातली, साधं रस्त्याकडेचं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर शेवभाजी, दालफ्राय असं रंगवलेलं. आत चार्जिंगचा पॉइंट आहे का विचारलं तर गल्ल्यावरचा दादा म्हणाला फ्रीज काढा आणि लावा. खरंच काढला त्याने.

पहिला गेम बरोबरीत. लांबला खूप, सगळी मोहरी संपेपर्यंत. मी दोन चहा, भाचीने काही नाही.

दुसरा गेम. पांढरी हंपीकडे. मी बँडेज काढायला गेलो तर हातावर चापट बसली. रॅपिड बघणं वेगळंच असतं, घड्याळ दिसतं ना, एकेक सेकंद. क्लासिकलमधे, म्हणजे शनिवार-रविवारसारख्या लांब गेममधे, माणूस उठतो, फिरतो, पाणी पितो, इथे दोघी खुर्चीला चिकटलेल्या, हंपी तोंडावर हात धरून आणि दिव्या एकदम स्थिर, इतकी स्थिर की मला वाटलं नेट अडकलं. मधल्या टप्प्यात हंपीकडे वेळ फार कमी उरला. प्रत्येक चालीला दहा सेकंद मिळतात आणि दहाच्या आसपासच खर्च होतात. एक प्यादं पुढे गेलं आणि कॉमेंट्रीवाला ओरडला, भाची पुटपुटली, "हे नको होतं." कोणासाठी नको होतं ते मी विचारलं नाही. मग परत बराच वेळ काही कळेना, हंपी लढत होती, वाटलं हेही बरोबरीत जातंय. वेटर पोरगा ट्रे धरून मागे उभा. त्याने विचारलं कोण जिंकतंय, भाची म्हणाली, "घड्याळ."

७५ चाली. संध्याकाळ होत आलेली, बाहेर ट्रकांचे लाईट लागलेले. हंपीने हात पुढे केला.

मी ओरडलो. एकटाच. वेटरने टाळ्या वाजवल्या, गल्ल्यावरच्या दादाने विचारलं काय झालं, मी सांगितलं नागपूरची पोरगी वर्ल्ड कप जिंकली, तो म्हणाला कशात? चेस. "बुद्धिबळ? पैसे मिळतात का त्यात?" मिळतात, ५० हजार डॉलर, आणि शिवाय ग्रँडमास्टर झाली, भारताची ८८वी, तेही एकही नॉर्म (मोठ्या स्पर्धेत ठरलेल्या दर्जाची कामगिरी) नसताना, कारण वर्ल्ड कप जिंकला की किताब थेट मिळतो. नाहीतर तीन नॉर्म आणि २५०० रेटिंग लागतं. हे सगळं मी एका दमात सांगितलं आणि माझ्या लक्षात आलं की हे मला कधी पाठ झालं?

भाची ओरडली नाही. तिने हळूच बँडेज काढलं, मागे जाऊन एका जागी गेम थांबवला आणि बघत बसली. स्क्रीनवर नंतर दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती ते मीच दाखवलं तिला.

माझी आई मात्र टॅबकडे वाकून काहीतरी शोधत होती. चष्मा वर, खाली. मग म्हणाली, "आन् हंपी कोठे गई?"

कॅमेरा सगळा दिव्यावर. हंपी कुठेच नाही. भाचीने मागेपुढे करून बघितलं, एका कोपऱ्यात उठून जाताना पाठ दिसली एवढंच. आई म्हणाली जेवली असेल का ती. बाटुमीत अजून संध्याकाळ व्हायची होती. मी म्हटलं जेवेल. आईने स्वतःचा उपास तिथेच सोडला, दहीभात, आणि शेवभाजी पार्सल घेतली बहिणीसाठी, तर्री वेगळी.

पुढे जळगावपर्यंत भाची आणि आई दोघी मागे. आरशातून बघतोय तर लोहचुंबकाचा पट आईच्या मांडीवर, मोबाईलचा टॉर्च लावलेला, आणि भाचीने ती शेवटची पोझिशन लावलीय, हंपीचं घड्याळ संपत आलेलं तिथली. "आजी, तू हंपी. सांग काय हलवू? दहा सेकंद."

आईने पट नीट बघितला. बराच वेळ, दहा सेकंदांच्या कितीतरी वर. राजाकडे बोट नेलं आणि परत घेतलं.

"राजाले कायले हालाडस," म्हणाली. "तो बसेल बरा शे."